हरलेल्याचा पहिला नंबर

शुक्रवारी सकाळी धोंडप्पांनी चहाची बशी खाली ठेवून अमेरिकेतल्या पगारी फुटबॉलविषयी आपलं मत जाहीर केलं, तेव्हा त्यांची सून शिवकांता दारापुढच्या टिपाडात काठी बुडवून पाणी मोजत होती. काठी चार बोटं ओली झाली. तिनं ती पुसून पुन्हा बुडवली. दुसऱ्या खेपेला पाणी वाढलेलं असेल असं काही तिला वाटत नव्हतं; पण घरात सात महिन्यांचं लेकरू असलं की बाईमाणूस प्रत्येक गोष्ट दोनदा बघतं.

"चार बोटं," ती म्हणाली.

"सगळ्यात जास्ती हरलेल्याला सगळ्यात आधी निवड," धोंडप्पा म्हणाले. "जो संघ वर्षभर मार खातो, त्याला कॉलेजातून निघालेल्या पोरातला सगळ्यात चांगला पोरगा पहिल्यांदा उचलू देतात. जिंकलेला शेवटी. आताच बगितलं मोबाइलवर. शिवकांता, असा न्याय मी मोंढ्यात चाळीस वर्षांत बगितला न्हाई." एवढं बोलून त्यांनी उपरण्यानं डोळ्यांच्या कडा टिपल्या.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको दानम्मा मुलीच्या, शिवगंगाच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या होत्या. घरी एकट्याला चहासुद्धा करता येत नाही म्हणून धोंडप्पाही मागोमाग गेले. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आतल्या खोलीत बाळंतीण. पुरुषमाणसानं बसायचं कुठं? जावयानं त्यांना टीव्हीपुढं बसवलं. उदगीरच्या मोंढ्यात तुरीच्या आडतीवर जन्म काढलेला माणूस. पहिला आठवडा त्यांना वाटलं, कुठंतरी दंगल चालली आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं की ही दंगल नव्हे, हा सौदा आहे. चार बोल्यांत दहा यार्ड पुढं सरकलात तर माल तुमच्याकडं, नाही तर समोरच्याकडं. तिथून पुढं त्यांना दुसरं काही गोड लागेना. उदगीरला परत येताना त्यांनी शिवगंगाच्या लेकराचे फोटो आणले आणि फुटबॉलविषयीची मतं आणली. फोटो आता कपाटात होते.

मतं पक्की होती. चौथ्या खेपेला चेंडू लाथेनं समोरच्याच्या हवाली करणं हा भेकडपणा. खेळ थांबवून जाहिराती दाखवणं म्हणजे वजन चालू असताना काट्याची दांडी धरून ठेवणं. आणि सगळ्यात मोठं मत कॉलेजच्या फुटबॉलविषयी: "लाख लाख माणूस बगायला येतं, पोरं हाडं मोडून घेतात, पोरांना दमडी न्हाई आणि मास्तराचा पगार कुलगुरूहून जास्ती. हा काय धर्म झाला? त्यापरीस पगारी बरं. दाम ठरला, काम ठरलं."

दानम्मांना हे मान्य नव्हतं. त्यांनी बाळंतिणीचं बघता बघता जेवढं पाहिलं तेवढ्यावरून त्यांचा कौल कॉलेजला होता. "कॉलेजच्या खेळात वाजंत्री असते," त्या म्हणत. "पोरं कोवळी असतात, हरली की आईच्या गळ्यात पडून रडतात. तुमचे पगारी गडी हरले तरी च्युइंगम खातात." चाळीस वर्षांच्या संसारात नवराबायकोचं एवढ्या एकाच बाबतीत पटलं नव्हतं.

शिवकांताचं कुठलंच मत नव्हतं. ती बी.एस्सी. झालेली, देवणीच्या माहेरची, आणि तिची सगळी बुद्धी सध्या लेकीच्या, चिन्नीच्या पोटावर खर्च होत होती. पंधरवड्यापूर्वी चिन्नीला हगवण लागून सलाईन लावायची पाळी आली होती. डॉक्टर म्हणाले होते, पाणी उकळून द्या आणि स्वच्छता ठेवा. उकळणं तिच्या हातात होतं. प्यायला विकतचा जारही येत होता. पण लंगोट, बाटल्या, वाट्या, चमचे, हात, ढुंगण, जमीन या सगळ्याची स्वच्छता जारच्या पाण्यानं कोण करणार? नवरा गुरुबसप्पा नांदेडला बँकेत; तो फोनवर म्हणायचा, "अप्पांना काही बोलू नको, त्यांचं बीपी वाढतं." शिवकांताचं बीपी कुणी मोजलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीरच्या कमानीच्या गल्लीला दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी टँकर येई. टँकर आला की जी झोंबाझोंबी व्हायची ती बघून धोंडप्पांना चेंडूमागं पडलेले गडी आठवत. मागच्या खेपेला सरजाबाईची घागर चेपली होती. सरजाबाई एकटी बाई, शेजारच्याच घरात राहणारी, तिच्या वाट्याला नेहमी पाइपातले शेवटचे थेंब. गल्लीतले शेषेराव नळीचं तोंड पहिल्यांदा धरत. ते जिल्हा कृती समितीत होते आणि उदगीर जिल्हा होईल तेव्हा गल्लीचं भलंच होणार असल्यामुळं आधी त्यांचं टिपाड भरावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या शुक्रवारी धोंडप्पांनी बशी पुन्हा उचलली, पण चहा प्याले नाहीत. ते सुनेच्या हातातल्या काठीकडं बघत राहिले.

"ती काठी इकडं दे बरं," ते म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांनी गल्ली कमानीखाली जमवली. कपाळावर विभूती, अंगात धुतलेला सदरा. त्यांनी अमेरिकेतला न्याय समजावून सांगितला. टँकर यायच्या आधी प्रत्येकाच्या टिपाडात काठी घालायची. ज्याचं पाणी सगळ्यात कमी, त्याचा पहिला नंबर. ज्याचं सगळ्यात जास्ती, तो शेवटी.

"म्हंजे ज्याच्याकडं न्हाई त्याला आधी?" सरजाबाईनं विचारलं.

"बराबर."

"आणि हे अमेरिकेत करतात?"

"सगळ्या देशासमोर. टीव्हीवर."

"मग तिथल्या लोकायला म्हातारी व्हायच्या आत आक्कल आली म्हणायची," सरजाबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

शेषेरावांनी हरकत घेतली. "अप्पा, हा विषय जिल्हा झाल्यावर घ्यायचा का? तवा आपलं स्वतःचं कार्यालय असंल."

"शेषेराव, जिल्हा होईपर्यंत लेकरायनं आंघोळ करायची न्हाई का?"

त्या संध्याकाळी सरजाबाईचं टिपाड आयुष्यात पहिल्यांदा काठोकाठ भरलं. कुणी कुणाला ढकललं नाही. टँकरचा ड्रायव्हर निवृत्ती म्हणाला, "अप्पा, सगळ्या उदगिरात अशी गल्ली न्हाई." आता चोरी कोण कशाला करील, म्हणून लोकांनी टिपाडांना लावलेली कुलपंसुद्धा काढून घरात नेऊन ठेवली. शिवकांताच्या टिपाडात तीन वीत पाणी पडलं. तिनं चिन्नीला सावकाश, दोनदा पाणी बदलून आंघोळ घातली आणि सासऱ्यांविषयी तिच्या मनात पहिल्यांदा अमेरिकेपुरता आदर उपजला.

बुधवारी धोंडप्पा काठी घेऊन निघाले तर गल्लीतली निम्मी टिपाडं कोरडी ठणठणीत. ते समाधानानं काठी बुडवत गेले, समाधानानं काठी कोरडी काढत गेले, आणि पाचव्या घरापाशी थांबले. मोंढ्यातला माणूस, ओला माल कोरडा कसा होतो आणि कोरडा ओला कसा, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही आत जाऊन बगा," ते दानम्मांना म्हणाले.

दानम्मा शेषेरावांच्या घरात शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पाणी कुकरात होतं, दुधाच्या कॅनमध्ये होतं, इडलीच्या भांड्यात होतं, पलंगाखाली परातीत होतं. खुंटीला हेल्मेट उलटं टांगलेलं होतं, त्यातही होतं.

"हेल्मेटात पाणी कामून?" दानम्मांनी विचारलं.

"थंड राहतंय," शेषेरावांची बायको म्हणाली.

धोंडप्पांनी दाराबाहेरून निकाल दिला. "हेल्मेट मोजणीत धरायचं. घरातलं सगळं पाणी धरायचं." तेव्हापासून टिपाड धोंडप्पा मोजायचे आणि स्वयंपाकघर दानम्मा.

मग पुढच्या रविवारी गल्लीत गोधड्या दिसल्या. ज्या गोधड्यांना लग्नात शिवल्यापासून पाणी लागलं नव्हतं, त्या सगळ्या दोऱ्यांवर ठिबकत होत्या. टँकर यायच्या आधी पाणी संपवायचं तर धुण्यासारखा सोज्वळ मार्ग नाही. सारं तालुक्याचं गाव घोटभर पाण्याला महाग झालेलं आणि कमानीच्या गल्लीतून साबणाचा ओहोळ वाहतोय! पलीकडच्या गल्लीतली माणसं येऊन विचारून गेली, तुमच्याकडं झरा लागला का? पण धुऊन झाल्यावर त्या बायकांचे स्वतःचेच चेहरे उतरले. वाहून जाणाऱ्या पाण्याकडं त्यांना बघवेना. सरजाबाईनं तर गोधडी पिळलेलं पाणी पुन्हा बादलीत धरलं. त्यानंतर गल्लीत जमिनीवर पाणी ओतायला कुणाचा हात धजला नाही. धोंडप्पांनी धुण्यावर बंदी घातली, पण ती घालायची गरज उरली नव्हती.

"मुद्दाम हरायलेत लोक," शिवकांता त्या संध्याकाळी म्हणाली. त्यांचा नंबर सातवा लागला होता आणि टिपाडात वीतभरसुद्धा पाणी पडलं नव्हतं.

"मुद्दाम हरतात असा संशय तिकडंबी घेतात," धोंडप्पा म्हणाले. "माझं मत वेगळं हाय. एखादा संघ पुढच्या वर्षाकडं बगून खेळतो, त्याला हरणं म्हणू न्हाई."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. शिवकांतानं ते टिपून ठेवलं.

बुधवारी दुपारी ती गच्चीवर लंगोट वाळत घालत होती. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. खाली बघते तर तिचे सासरे, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूती, दोन हातांत दोन घागरी घेऊन, पूजेला निघाल्यासारखे संथ पावलांनी सरजाबाईच्या टिपाडाकडं चालले होते. त्यांनी झाकण उचललं. एक घागर ओतली. दुसरी ओतली. झाकण ठेवलं, इकडं तिकडं बघितलं आणि आले तसे परत गेले.

शिवकांता खाली आली तोवर ते झोपाळ्यावर बसलेले होते.

"मामा, ते चिन्नीचं पाणी होतं."

"चिन्नीसाठीच केलं," धोंडप्पा म्हणाले. पकडलं गेल्याची लाज त्यांच्या तोंडावर नव्हती. उलट आपलं म्हणणं ऐकायला कुणीतरी आल्याचं समाधान होतं. "दोन घागरी गेल्या, पण सांजच्याला पहिला नंबर लागला की टिपाड भरून येणार. जमिनीवर तर वतलं न्हाई? शेजारणीलाच दिलं."

तेवढ्यात बाहेरून सरजाबाईची किंकाळी आली. गल्ली गोळा झाली.

"काय झालं सरजाबाई? चोरी झाली का?"

"चोरी कशाची! माझं पाणी वाढलंय! सकाळी इतकुलं होतं, आता हे बगा! कोण्या मेल्यानं माझ्या टिपाडात पाणी वतलं? माझा नंबर घालवला गं बाई!"

ती रडत होती. दुष्काळात टिपाडात पाणी आल्याबद्दल रडणारी बाई शिवकांता प्रथमच पाहत होती, आणि तिचं सांत्वन करायला तिचे सासरेच पुढं होते.

"हे बराबर न्हाई," धोंडप्पा गंभीरपणे म्हणाले. "आजपासून अदलाबदल बंद. अमेरिकेतबी हंगामाच्या मधात खेळाडूंची अदलाबदल बंद करतात. कोणी कोणाला पाणी द्यायचं न्हाई, कोणी कोणाचं घ्यायचं न्हाई."

युक्ती मात्र आता सगळ्यांना कळली होती. टँकर यायच्या आत प्रत्येकानं कुणाच्या ना कुणाच्या टिपाडात आपली घागर रिकामी केली. संध्याकाळी काठी फिरली तेव्हा धोंडप्पांच्या टिपाडात दोन बोटं निघाली आणि पाच घरांत बोटभरही नाही. नंबर सहावा. पाचव्या टिपाडात अर्ध्यावरच निवृत्तीच्या पाइपातून नुसती हवा यायला लागली.

"संपलं अप्पा," निवृत्ती म्हणाला. "आता रविवारी."

धोंडप्पा आत जाऊन झोपाळ्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी फुटबॉलवर एकही मत दिलं नाही.

गुरुवारी सकाळी कमानीच्या गल्लीतल्या प्रत्येक टिपाडावर पुन्हा कुलूप आलं. आधीची कुलपं कुणी पाणी नेऊ नये म्हणून होती, ही कुणी पाणी घालू नये म्हणून. जिल्हा कृती समितीच्या बॅनरला बांधलेली साखळी शेषेरावांनी सोडून आणली आणि टिपाडाला दोन वेढे घातले. धोंडप्पांनीही जुन्या आडतीचं पितळी कुलूप काढून सुनेच्या हातात दिलं. "तू लक्षात ठेव गं लावायचं. माझ्या हातून राहून जातंय."

शिवकांतानं ते तीन दिवस कसे काढले हे ती कुणाला सांगत बसली नाही. लंगोटाऐवजी तिनं जुन्या लुगड्याचे तुकडे केले. एका तांब्यात बाटली, वाटी आणि चमचा धुतला आणि त्याच पाण्यानं जमीन पुसली. हात धुवायचे तर आधी कुठल्या हातानं कशाला शिवलो ते आठवायचं. शनिवारी चिन्नीनं दोनदा पातळ केली. शिवकांतानं तिच्या टाळूवर हात ठेवला, डोळे बघितले, कातडी चिमटीत धरून सोडून बघितली, आणि मग हात धुवायला उठली तर तांब्या रिकामा.

"आत्याबाई," ती दानम्मांना म्हणाली, "सरजाबाईकडं मागू का एक घागर?"

"मागशील, पण ती देईल का? तुज्या सासऱ्यानं देणंघेणं बंद केलंय. दिलेलं दिसलं की गल्ली कोकलणार." दानम्मा दाराकडं बघून आवाज चढवून म्हणाल्या, "कॉलेजचं फुटबॉल असतं तर असं झालं नसतं!"

झोपाळा एकदा करकरला आणि थांबला.

त्या दुपारी शिवकांता उंबऱ्यावर बसून गल्ली बघत राहिली. प्रत्येक टिपाडाला कुलूप. उद्या पुन्हा मोजणी. प्रत्येक घरात थोडंफार जास्तीचं पाणी, जे ठेवलं तर नंबर जातो. घरात लपवावं तर दानम्मा येणार. जमिनीवर ओतावं तर हात धजत नाही. शेजाऱ्याच्या टिपाडात घालावं तर साखळी. तिनं पितळी कुलूप हातात घोळवलं. मग ते कुलूप तिनं उठून धान्याच्या डब्यात, तुरीच्या डाळीत खोल खुपसून ठेवलं.

रविवारी जेवणं झाली. धोंडप्पा आतल्या खोलीत आडवे झाले. शिवकांतानं बाहेर जाऊन टिपाडाचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं, वर फडकं बांधलं, आत आली आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली चिन्नीला कुशीत घेऊन पडली. दानम्मा शेजारी पालथ्या होत्या.

पहिल्यांदा चपलांचा आवाज आला. फटक, फटक, मग चपला काढून हातात घेतल्यामुळं काहीच नाही. मग फडक्यावर पाणी पडल्याचा धीमा, लांबलचक आवाज.

दानम्मांनी मान उचलली. "कोण गं?" त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"सरजाबाई."

"काय करायली?"

"पाणी वतायली आपल्या टिपाडात."

दानम्मांनी सुनेच्या तोंडाकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग पुन्हा सुनेकडं.  मान खाली टाकून त्या कान देऊन पडल्या.

सरजाबाई गेली. कोपऱ्यावरचा नागप्पा किराणेवाला आला. त्याच्या दम्यावरून तो ओळखू आला. कुणी दोन घागरी घेऊन आली, कुणी कळशी. पुढून एकजण निघाला की मागून दुसरा. दोघं समोरासमोर आले तर काय म्हणत असतील, हे शिवकांताला कळेना. बहुधा ऊन लई झालंय एवढंच. तिला एकच धास्ती होती. चिन्नी टक्क जागी होती.

एवढ्यात बाहेर खाकरल्याचा आवाज आला. शेषेराव. त्यांच्या घागरीचा काठ टिपाडाला लागून टण्ण झालं आणि चिन्नी खिडकीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "ब्बा!"

बाहेर सगळं थिजलं.  आता हा माणूस भरली घागर घेऊन पळणार, आणि गल्लीत बोभाटा होणार की आतून कुणी बघतंय. शिवकांतानं चिन्नीच्या तोंडात आपलं बोट दिलं. चिन्नीनं ते काढून पुन्हा तोंड उघडलं.

त्याच क्षणी दानम्मा घोरायला लागल्या. आत्तापर्यंतच्या आयुष्यात त्या कधी घोरल्या नव्हत्या, त्यामुळं कुठं थांबायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दरवाजाच्या कडीसारख्या, बैलगाडीच्या आखासारख्या घोरल्या. चिन्नी चकित होऊन आजीकडं बघत राहिली. बाहेर शेषेरावांनी निःश्वास सोडला आणि घागर ओतली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग परत जाऊन ते दुसरी घेऊन आले. टिपाड ओसंडायच्या बेताला आलं तसं सासूसुनेनं वरचं पाणी घरातल्या भांड्याभांड्यांत काढलं, तरी घागरी येतच राहिल्या.

पाच वाजता काठी निघाली. धोंडप्पा घरोघर मोजत गेले. कुठं एक बोट, कुठं कोरडं. गल्ली दृष्ट लागावी इतकी गरीब झाली होती. प्रत्येकजण आपलं कुलूप उघडून, आपलं दारिद्र्य दाखवून, मागोमाग पुढच्या घराकडं येत होता. शेवटी सगळी गल्ली धोंडप्पांच्या दाराशी जमली. धोंडप्पांनी फडकं सोडून आपल्या टिपाडात काठी घातली.

काठी बुडाली. मूठ बुडाली. धोंडप्पांचं मनगट ओलं झालं.

 शिवकांता चिन्नीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि एकेका तोंडाकडं बघत होती. नागप्पा आभाळ बघत होता. सरजाबाई आपल्या पायाचा अंगठा बघत होती. हे पाणी आलं कुठून, असं विचारायला तोंड उघडणाऱ्यानं आपली घागर आधी कबूल करायला हवी होती. अदलाबदलीवर बंदी होती.

"अप्पा," अखेर शेषेराव म्हणाले, "लई साठवलंव की पाणी."

"मामांनीच काटकसर शिकवली," शिवकांता म्हणाली.

धोंडप्पांनी सुनेकडं बघितलं.  मोंढ्यात एखाद्या नवख्या पोरानं भर लिलावात जुन्या आडत्याला गप्प करावं, तेव्हा जुने आडते असे बघतात. मग त्यांनी काठीचं पाणी टिपाडातच निथळू दिलं आणि जाहीर केलं, "आमचा नंबर शेवट."

गल्लीनं माना डोलावल्या. अप्पा स्वतःच्या घरालाही सूट देत नाहीत, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालंसुद्धा. टँकर आला, नंबराप्रमाणं टिपाडं भरत गेली आणि दोन घरं आधीच पाइपातून हवा यायला लागली.

"अप्पा, तुमच्यापातूर पोचलंच न्हाई," निवृत्ती ओशाळून म्हणाला.

"हरकत न्हाई," धोंडप्पा म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

दिवे लागायच्या सुमाराला शिवकांतानं मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं होतं. चिन्नीची आंघोळ झाली होती आणि दोरीवर लंगोटांची रांग होती. झोपाळ्यावरून धोंडप्पा फोनवर शिवगंगाशी बोलत होते.

"न्हाई गं, निवडीचं मी सोडून दिलं. मी आता दुसराच विचार करायलो. तिकडं दुसऱ्या संघायनं सोडून दिलेले खेळाडू असतात ना? नको झालेले? ते एकेक उचलून संघ बांधणारा जो असतो, तोच खरा हुशार. असं माझं मत झालंय. हाव, आजच झालं."

आतून दानम्मा ओरडल्या, "तिला सांगा, कॉलेजातबी असतात तसले!"

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. फटक, फटक, या खेपेला चपला पायातच होत्या. सरजाबाई आत आली. तिच्या कमरेवर भरलेली घागर होती आणि डोळ्यांत पाणी.

"बंदी गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "लेकरावाली बाई तू, आणि टँकर तुज्यापातूर पोचला न्हाई. मला घास गिळंना. माझ्या जिवाला लागलं गं. काय करायचं ते करून घेऊ दे अप्पायला. घे ही."

आणि तिनं घागर शिवकांताच्या हातात दिली. ना म्हणायला जागाच नव्हती.  शिवकांता घागर घेऊन स्वयंपाकघरात गेली, तिथून न्हाणीत गेली, मागच्या अंगणात गेली, पलंगाखाली वाकून बघितलं. सरजाबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती, आपली रिकामी घागर परत मिळायची वाट बघत, आणि शिवकांताला साऱ्या घरात पाणी ओतायला एक रिकामं भांडं सापडत नव्हतं.